दोन नंबरचा डबा

१४ ऑक्टोबर, सोमवार

बोटीच्या रजिस्टरात फेरी, वेळ आणि माणसं एवढंच लिहायचं. बाकीचं लिहायला त्यात जागा नाही, म्हणून ही वही घेतली. इकडं सगळे तेलुगू बोलतात. मराठीत बोलायला दोनच माणसं, ड्रायव्हर फकिराकाका आणि शाळेच्या प्रणिता मॅडम. मॅडम पाण्यावर वीस मिनिटं भेटतात आणि फकिराकाका दिवसातून दहा वाक्यं बोलतो.

मी सुरज. गाव भैंशाजवळ, इथून बसनं पाच-सहा तास. शाळा आठवीत सुटली. मग बेसन गिरणीत चार वर्षं, नांदेडला गाड्या रंगवायच्या दुकानात सहा महिने, बोअरच्या गाडीवर एक उन्हाळा. कुठं जीव लागला नाही. आई फोनवर विचारते, "इथं तरी ऱ्हायशीन का?" मी म्हणतो, पाहू.

इथं गोदावरीच्या धरणाचं पाणी मागं लांबवर पसरलं आहे. या काठची माणसं त्या काठच्या बाजाराला, शाळेला बोटीनं जातात. बोटीचा ठेका माणिकरावशेटचा. शेट भैंशाचा कापूसवाला. माझा बाप त्याच्या जिनिंगमध्ये होता, म्हणून त्यानं मला मिस्त्री म्हणून धाडलं. म्हणजे इंजिन माझं, सुकाणू फकिराकाकाचं. तो वांकिडीकडचा, साठीचा, सगळी उमर पाण्यावर गेलेली. त्याला वाचता येत नाही. रजिस्टर मी लिहितो.

या महिन्यात आज तिसऱ्यांदा बोट बंद पडली. डिझेलचा जुना फिल्टर खोलला तर आत काळं शेवाळ, चहाच्या चोथ्यासारखं. शेटला फोन केला. म्हणे, "तू गिरणीतला पोरगा हायस. तुले चाळणं-गाळणं कळते. बेल्लमपल्लीले जा, चांगला फिल्टर पाय, दोन लाव, पण पुन्हा बंद नाई पडली पायजे." पहिल्यांदाच कोणी मशीनच्या बाबतीत माझ्यावर सोडलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बेल्लमपल्लीला जाऊन आलो. कोळशाच्या खाणीच्या गाड्या आणि मोठी इंजिनं इकडं पुष्कळ, त्यामुळं दुकानात फिल्टर पण तऱ्हेतऱ्हेचे. खाली वाटी असलेला घेतला. डिझेलमधलं पाणी जड असतं, ते वाटीत बसतं, खालचा नळ उघडला की काढून टाकायचं. प्लास्टिकची वाटी स्वस्त होती, पण इंजिनच्या खोलीत गरमी असते, ती चिरली तर डिझेल तापल्या लोखंडावर पडेल. काचेची घेतली, खाली लोखंडी बशी असलेली. अशा दोन घेतल्या, एकामागं एक लावायच्या. वाटीच्या वर जो गाळायचा डबा बसतो त्यावर नंबर असतो. दोन, दहा, तीस असे नंबर होते.

दुकानदार हिंदीत म्हणे, "पहले कौनसा लगाओगे, मालूम है ना?" मी म्हटलं, "भैया, चार साल जाली का काम किया है।" तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

यात शिकवायचं काय आहे? गिरणीत चाळीस नंबरची जाळी जाडी, साठची बारीक, शंभरची तर मैद्यासारखी. नांदेडला घासायचा कागद पण तसाच, ऐंशी नंबर खरखरीत, चारशे नंबर मऊ. दोन नंबरचे तीन डबे घेतले आणि तीस नंबरचे तीन. आधी दोन, मग तीस. आधी जाडी, मग बारीक.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारच्या फेऱ्या बंद ठेवून दोन्ही फिल्टर बसवले. रबरी रिंगला डिझेलचं बोट लावलं, डबा साफ डिझेलनं भरून मग चढवला, हातानंच आवळला, पाना लावला नाही. मग हातपंप मारून नळीतली हवा काढली. हवा राहिली तर इंजिन उचक्या देतं. पहिल्या दणक्यात सुरू झालं.

फकिराकाका टाकीत डिझेल ओतताना नरसाळ्यावर धोतराचं दुहेरी फडकं लावतो. मी म्हटलं, "काका, आता फडक्याचं काय काम? त्याचेच धागे आत जातात."

तो म्हणे, "धागे वरतेच ऱ्हायतात. फडकं नसलं की खाली कचरा जाते."

"आता दोन-दोन जाळ्या हायत. आधी जाडी, मंग बारीक."

"हे बराबर केलं," तो म्हणे. "रेती अशीच गायतात. आधी मोठ्या भोकाची." फडकं घडी करून कमरेला खोचलं.

माझ्या कामाला कोणी बरोबर म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. काय करावं ते कळत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस बोट मस्त. शेटला सांगितलं. म्हणे, "शाब्बास. दिवाळी झाल्यावर तुले पेद्दपल्लीकडच्या नव्या बोटीवर पाठवतो." म्हणजे ती बोट पूर्ण माझी. आईला अजून सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळच्या फेरीला भर पाण्यात बंद पडली. चौदा माणसं, वांग्या-टमाट्याच्या टोपल्या, मॅडम. आधी जोर कमी झाला, इंजिन घुरघुरलं, मग गप. सगळे "एमैंदि, एमैंदि" करायला लागले, म्हणजे काय झालं, काय झालं. वारा होता. बोट सरकत सरकत बुडालेल्या सागवानाच्या खुंटांकडं गेली. ती खुंटं पाण्याच्या वीतभर खाली असतात, दिसत नाहीत. फकिराकाका उठला, लांब बांबू घेतला आणि जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं टेकवला. बोट थांबली. तो बांबूवर छाती टेकून अर्धा तास तसाच उभा राहिला. मला म्हणे, "घाई करू नको. मी हाय."

मी पहिला डबा खोलला, दोन नंबरचा. काळा ठिक्कर, बुजलेला. दुसरा, तीस नंबरचा, नव्यासारखा. इतका साफ की पुन्हा तोच लावला. तीस नंबर चांगली वस्तू दिसते, घाण धरतच नाही. दोन नंबरचा नवा चढवला आणि बोट चालली.

पण चार दिवसांत डबा बुजतो म्हणजे डिझेलच खराब. शेटला तसं सांगितलं.

शेट म्हणे, "डिझेल कोण आणते?"

"फकिराकाका. पेट्रोल बंकवरून. कॅनमधी, आटोत घालून."

मग म्हणे, "किती वर्षं आणून राह्यला तो?"

"पयल्यापासून म्हणतात."

"हं. परवा येतो मी."

विचारलं ते सांगितलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

शेट जीप घेऊन आला. सोबत स्वतः भरून आणलेले डिझेलचे कॅन, झाकणाला तार बांधून. आधी आमच्या कॅनमधलं डिझेल पाण्याच्या बाटलीत ओतून उन्हात ठेवलं. तासाभरानं तळाला थेंबभर पाणी दिसलं. थेंबभर तर कोणत्याही कॅनमध्ये निघतं, रात्रीच्या गारव्यानं आत पाणी धरतं. मी ते म्हणणार होतो, पण शेटनं बाटली वर धरली, घाटावरच्या लोकांना दिसेल अशी.

"फकिरा, हे काय?"

"पाणी."

"पाणी मले पण दिसते. आलं कुठून? कॅन बंकवरून निघते आणि घाटावर येते, तेवढ्यात त्याच्यात काय काय होते? रॉकेल घालतं का पाणी? काढलेलं कुठं जाते?"

फकिराकाका म्हणे, "शेट, पाण्यावर ऱ्हायतो म्हणून पाणीच घालीन का? नदीचं पाणी घातलं अस्तं, तर कॅनमधून मासोळ्या पण निघाल्या अस्त्या."

दोघं-तिघं हसले. शेटला हसणं आवडलं नाही. म्हणे, "दोन नंबरचा धंदा माझ्या बोटीवर नाई चालणार. सोमवारी निर्मलहून नवा ड्रायव्हर येऊन राह्यला, हर्षदीप नावाचा. चाबी त्याच्या हातात दे."

फकिराकाकानं बोटीचा दोर बांधायच्या खुंटीवर हात ठेवला. म्हणे, "उतरवा. वय झालं, हात थरथरते, असं काही पण म्हणून उतरवा. डिझेलचोर म्हणून नोका उतरवू. या घाटावर मले मरायचं हाय."

शेट जीपमध्ये बसला. जाता जाता मला म्हणे, "सुरज, तू सांगितलं हे चांगलं केलं."

मी सांगितलं असं फकिराकाकाला आत्ता कळलं असेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. दुपारी जेवणाचा डबा उघडून भाकरीचा अर्धा तुकडा नेहमीसारखाच माझ्याकडं सरकवला. मला भूक नव्हती. खाल्ली.

मी टाकी रिकामी करून त्यात शेटचं डिझेल भरलं. आता डबा बुजणार नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

चार वाजता शाळा सुटल्यावरच्या फेरीत बंद पडली.

शेटच्याच डिझेलवर. तार तर मीच तोडली होती. खोलला तर दोन नंबरचा डबा काळा, तीस नंबरचा साफ. काही समजेना.

वारा नव्हता म्हणून फकिराकाकानं लंगर टाकला. मागं सुकाणूपाशी पाण्याकडं तोंड करून बसला. मी शेवटचा दोन नंबरचा डबा काढून त्याचं खोकं बाजूला टाकलं. प्रणिता मॅडम विज्ञान शिकवतात. आदिलाबादच्या आहेत, आमच्यातल्याच, मराठी. त्यांनी खोकं उचललं.

"सुरज, हे दोन मायक्रॉनचं तू पहिले लावतोस?"

"हो. जाडं पयले."

"जाडं?"

"दोन नंबर जाडं. तीस नंबर बारीक. गिरणीत तसंच अस्ते मॅडम."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणे, "गिरणीत एका इंचात भोकं किती ते मोजतात. म्हणून नंबर वाढला की भोक लहान. इथं भोकच मोजलंय. दोन म्हणजे भोक दोन मायक्रॉनचं. तीस म्हणजे तीसचं. हे बघ, हा केस," असं म्हणून त्यांनी वेणीतला एक केस ओढून काढला, "हा साधारण सत्तर."

मी केसाकडं पाहत राहिलो.

"म्हणजे बारीक चाळणी तू पुढं ठेवलीस," त्या म्हणाल्या. "टाकीतलं सगळं शेवाळ तिच्यावरच. ती बुजणारच ना रे? आणि मागच्याला काही कामच नाही."

मी म्हटलं, "असं नसते मॅडम, कंपनीचं वेगळं अस्ते." आणि दोन नंबरचा डबा पुन्हा पुढंच लावला. का, ते माहीत नाही. बायका ओरडत होत्या, उशीर होत होता. बोट चालली. फकिराकाका मागं होता, त्याला काही ऐकू गेलं नसेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे कोणी यायच्या आधी डबे उलटे केले. तीस पुढं, दोन मागं. हातपंप, हवा, सगळं. दिवसभर सहा फेऱ्या, इंजिन एकदाही खोकलं नाही. भरल्या बोटीला ओढताना जो जोर आज होता तो मी आल्यापासून पाहिला नव्हता.

फकिराकाका म्हणे, "आज चांगली पयते. काय केलं?"

"डबे बदलले."

"हं."

संध्याकाळी शेटचा फोन. "कशी हाय बोट?" मी म्हटलं, चांगली. शेट जोरात हसला. "पायलं? माझं डिझेल येताच सुधरली. आता तर कोणाले बोलायले जागाच नाई. साला, वर्षानुवर्षं पीत ऱ्हायला."

शुक्रवारी बंद पडली होती हे शेटला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. आज पण नाही सांगितलं. बोट सुधरली हेच आता फकिराकाकाच्या विरुद्ध झालं.

२७ ऑक्टोबर, रविवार

बाजार नव्हता, दोनच फेऱ्या.

सांगितलं तर शेट मला भैंशाला परत पाठवेल. पेद्दपल्लीची बोट गेली. पुन्हा गिरणी, पुन्हा नाकातोंडात बेसन. नाही सांगितलं तर फकिराकाका उद्या उतरेल. तसा तो म्हातारा आहे, कधीतरी उतरणारच होता. हे लिहिलं आणि वाचलं. खोडत नाही, राहू दे.

मी चोर तर म्हटलं नव्हतं. ते शेट म्हणाला.

फकिराकाका दिवसभर सुकाणूच्या साखळीला ग्रीस लावत बसला होता. उद्या येणाऱ्यासाठी.

२८ ऑक्टोबर, सोमवार

शेट नऊ वाजता आला, सोबत हर्षदीप, गॉगल लावलेला, बरा माणूस वाटला. फकिराकाकानं चाबी काढली. मी म्हटलं, "शेट, आधी एक चक्कर मारू. तुमी बसा." शेटला वाटलं मला बोट दाखवायची आहे. बसला.

मी निघायच्या आधी शुक्रवारचा बुजलेला दोन नंबरचा डबा पुढं लावला होता. पाण्यात अर्ध्यात गेल्यावर फकिराकाकाला म्हटलं, पूर्ण जोरात सोडा. दोन मिनिटं पळाली, मग घुरघुरली, मग गप.

शेट म्हणे, "पुन्हा? आता काय झालं?"

माझे हात कामाला लागले की तोंड चालतं, म्हणून डबा खोलता खोलताच बोललो. "शेट, हा डबा शुक्रवारी बुजला. तुमच्या डिझेलवर. तार मी तोडली होती. बोट शुक्रवारी पण बंद पडली, मी तुमाले सांगितलं नाई. डिझेल खराब नव्हतं. टाकीत जुनं शेवाळ हाय, ते बारीक जाळीवर जाऊन बसून राह्यलं. बारीक जाळी मी पुढं लावली. उलटी. नंबर मी उलटा समजलो." मग तीस पुढं, दोन मागं लावला, हवा काढली आणि इंजिन सुरू केलं. "आता पाहा. डिझेल तेच, ड्रायव्हर तोच."

बोट पळाली. हर्षदीप मधेच म्हणे, "मस्त आहे हो इंजिन," आणि मग त्यालाच कसंतरी वाटलं.

घाटावर उतरल्यावर शेट म्हणे, "चाळणं-गाळणं कळते म्हणून मी याले..." मग फकिराकाकाकडं न पाहता, "चाबी राहू दे तुझ्याजवळ."

"लोकं होते तवा," फकिराकाका म्हणे. "बाटली धरली तवा."

शेट समजला. पानाच्या टपरीपाशी आठ-दहा माणसं उभी होती. तिथं गेला आणि मोडक्या तेलुगूत आणि हिंदीत बोलला की फकिराचं काही नाही, मशीनची चूक होती. मशीनची म्हणाला. हर्षदीपला घेऊन गेला. मला म्हणे, "तुझं काय करायचं ते मी नाई ठरवत. फकिराले इचार. त्यानं नाई म्हटलं तर उद्याची बस धर."

जीप गेल्यावर मी विचारलं, "काका, मी थांबू का जाऊ?"

त्यानं बोटीचा दोर गुंडाळला, सावकाश. म्हणे, "मॅडमनं तुले शुक्रवारी सांगितलं. आज सोमवार. मधात दोन दिवस काऊन?"

त्याला ऐकू गेलं होतं. केस ओढल्यापासून सगळं. आणि दोन दिवस त्यानं काही म्हटलं नाही, भाकरी तेवढी सरकवत राहिला.

मी तोंड उघडलं. तो म्हणे, "आज नोको सांगू. आज तू खोटं सांगशीन." आणि घरी गेला.

आता लिहायला बसलो. बायका ओरडत होत्या, उशीर होत होता, शेट रागावेल, आईला काय सांगू, असं पुष्कळ लिहिता येईल. पण भेव लागलं होतं, आणि वाटलं होतं की हा माणूस तर गेला तरी चालेल, मी राहिलो पाहिजे. एवढंच आहे. उद्या सकाळी सांगीन. इंजिन सुरू करायच्या आधी, म्हणजे आवाजात दडता येणार नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं. सकाळची बोट भरली होती, मॅडम पुढं बसल्या होत्या.

फकिराकाका कानाला हात लावून म्हणे, "मोठ्यानं बोल. ऐकू नाई आलं."

ऐकू आलं होतं. सगळ्या टोपल्यावाल्या माझ्याकडं पाहत होत्या. त्यांना मराठी किती कळतं माहीत नाही. मी मोठ्यानं बोललो.

त्यानं ऐकून घेतलं, चाबी फिरवायला हात पुढं केला आणि म्हणे, "दोर सोड."